सीझरची अळंबी

नमस्कार श्रोतेहो. आज एका रानअळंबीची गोष्ट. इटलीतल्या ओक आणि चेस्टनटच्या रानांत ती उगवते. नारिंगी टोपी, टोपीखालचे पडदे पिवळे, दांडाही पिवळा. कोवळी असते तेव्हा पांढऱ्या आवरणात गुरफटलेली, थेट अंड्यासारखी. म्हणून इटलीत तिला 'ओवोलो', म्हणजे अंडंच म्हणतात. पण १७७२ साली स्कोपोली या शास्त्रज्ञानं तिला नाव दिलं ते सीझरचं. सीझर म्हणजे रोमचा सम्राट. असं का, ते ऐका.

इसवी सन ५४, ऑक्टोबर महिना. गादीवर सम्राट क्लॉडियस. या अळंबीचा भारी षौकीन. राणी अग्रिपिना त्याची चौथी बायको. आधीच्या लग्नाचा तिचा मुलगा नीरो, वय सोळा. इकडे क्लॉडियसचा स्वतःचा मुलगा ब्रिटानिकसही मोठा होत चाललेला. गादी कोणाला जाणार? अग्रिपिनानं लोकुस्टाला गाठलं. ही बाई विषप्रयोगाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेली. जेवणात अळंबीचं ताट आलं. इतिहासकार डिओ सांगतो, विष एकाच अळंबीत होतं, ताटातल्या सगळ्यांत मोठ्या, सगळ्यांत देखण्या अळंबीत. बाकीच्या अळंब्या अग्रिपिना स्वतः खात होती, आणि ती मोठी तिनं नवऱ्यापुढे सरकवली. बायको खातेय म्हटल्यावर संशय कसला येणार! सम्राट गेला. नीरो गादीवर बसला. क्लॉडियसला देव म्हणून जाहीर केलं गेलं. पुढे नीरो म्हणायचा, अळंबी हे देवांचं अन्न आहे, कारण ती खाऊनच क्लॉडियस देव झाला! बापाच्या जागी असलेल्या माणसाबद्दल हे बोलणं मला आजही झोंबतं.

तर सीझरांची लाडकी, म्हणून सीझरची अळंबी. रोमन लोक तिला 'बोलेटस' म्हणत. पुढे लिनियस या शास्त्रज्ञानं ते नाव वेगळ्याच, टोपीखाली पडद्यांऐवजी छिद्रं असलेल्या अळंब्यांना दिलं. कवी मार्शल लिहून गेला की सोनं-चांदी भेट पाठवणं सोपं, अळंबी पाठवणं अवघड. हातची सोडवत नाही ना!

इटलीत ती कच्चीच खातात. पातळ काप, वर ऑलिव्हचं तेल, लिंबू, मीठ. बस्स. आपल्याकडे साधं बटण मशरूम आणलं, तरी कांदा-टोमॅटोच्या रश्श्यात बुडवतात. माझं ठाम मत आहे, अळंबीला इतका मसाला लावूच नये. मग अळंबीची चव राहिली कुठे?

आणि एक लक्षात ठेवा, पडदे पिवळे. तिच्याच कुळातल्या एका विषारी अळंबीची टोपी लाल, वर पांढरे ठिपके. पावसात ठिपके धुऊन जातात, लाल रंग फिकटून नारिंगी होतो, आणि माणूस फसतो. पण तिचे पडदे पांढरे असतात. पांढरे पडदे दिसले, की हात लावायचा नाही.