पाटीवरचा शब्द आणि दारातली काच

(एका माजी मुख्याध्यापिकेने नागपुरात शिक्षक-पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. वर्धा रोडने जा, हिंगण्याकडे जा, नाहीतर कोराडीच्या बाजूला जा; 'इंटरनॅशनल' लिहिलेली शाळेची पाटी दिसतेच. मागे एका आजोबांनी मला थांबवून विचारलं, "मॅडम, नातवाची शाळा इंटरनॅशनल आहे म्हणतात. म्हणजे नेमकं काय हो बाप्पा?" प्रश्न साधा होता, पण उभ्या उभ्या मला त्याचं उत्तर देता आलं नाही. आज ते देण्याचा प्रयत्न करते.

आधी चार शब्दांचा गुंता सोडवू. शाळा चालवायची परवानगी राज्य शासन देतं, ती मान्यता. परीक्षा ज्या बोर्डाची, त्याच्याशी असते ती संलग्नता. मग ते सीबीएसई असो, इंग्लंडचं केंब्रिज परीक्षा मंडळ असो की आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट. तिसरं सभासदत्व, म्हणजे आंतरराष्ट्रीय शाळांच्या एखाद्या संघटनेत शाळेला मिळालेला प्रवेश. आणि चौथं मानांकन, ज्याला शाळावाले ॲक्रेडिटेशन म्हणतात. बाहेरच्या लोकांनी येऊन शाळा आतून-बाहेरून तपासली, की ते मिळतं. माहितीपुस्तिकेत ही चारही बोधचिन्हं एका ओळीत छापलेली असतात आणि पालकांना वाटतं, सगळ्यांचा अर्थ एकच. तसं नाही. परीक्षा केंब्रिजची असली म्हणून शाळेच्या बसमध्ये कोण बसतं, हे कुणी तपासलंय असं होत नाही.

या संघटना का निर्माण झाल्या, ते थोडक्यात सांगते. राष्ट्रसंघाच्या, म्हणजे आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संस्थेच्या, आणि आंतरराष्ट्रीय कामगार कार्यालयाच्या नोकरीसाठी जिनिव्हात देशोदेशीची कुटुंबं आली. त्यांच्या मुलांसाठी १९२४ मध्ये तिथे आंतरराष्ट्रीय शाळा सुरू झाली. अशा शाळा पुढे जगभर वाढल्या, पण त्यांच्यावर कुठल्याच एका देशाचा शिक्षणाधिकारी नव्हता. मग शाळांनीच एकमेकींकडे लक्ष द्यायचं ठरवलं. १९५१ मध्ये पहिली संघटना झाली, १९६५ मध्ये युरोपातली झाली, आणि तिच्यातूनच २००३ मध्ये कौन्सिल ऑफ इंटरनॅशनल स्कूल्स वेगळी झाली. तिचं मुख्यालय नेदरलँड्समधल्या लायडनला आहे. परदेशातल्या ब्रिटिश शाळांची संघटना आणखी निराळी. नावं पाठ करू नका. या शाळांचा निरीक्षक दुसऱ्या शाळेचा मुख्याध्यापक असतो, एवढं ध्यानात ठेवा.

आता निकष. आपल्या शिक्षण हक्क कायद्याला, म्हणजे २००९ च्या कायद्याला, एक परिशिष्ट आहे. पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवीला ३५ मागे एक. वर्षाला पाचवीपर्यंत २०० दिवस शाळा, पुढे २२०. हे आकडे हवेतच. शासनाला लाखो शाळा मोजायच्या असतात, तिथे आकड्याशिवाय चालत नाही. संघटनेचे निकष मात्र बहुतेक आकड्यांत नसतात. 'इमारत मुलांच्या आरोग्याला आणि शिकण्याला पोषक आहे' असं एक वाक्य असतं. त्याखाली शाळेने लिहायचं की आमच्याकडे हे कसं दिसतं आणि पुरावा काय. बाहेरून आलेली मंडळी तो पुरावा डोळ्यांनी पाहतात.

अनेक संस्थाचालकांना हे मोघम वाटतं. मला ते फार अवघड वाटतं. आपल्या नागपूरचंच बघा. एप्रिलमध्ये पारा ४३-४४ वर जातो, म्हणून तर विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीला उघडतात. आमच्या शाळेच्या पाहणीसाठी आलेल्या थंड देशातल्या एक मुख्याध्यापिका मैदान पाहून खूश झाल्या आणि मग शांतपणे म्हणाल्या, "एप्रिलमध्ये सकाळी अकराला मुलं कुठे खेळतात?" मैदान किती चौरस मीटर, हे आमच्या कागदावर होतं. सावली किती, हे कुठेच नव्हतं.

सभासद व्हायची वाट साधारण अशी. शाळा अर्ज करते, प्राथमिक पाहणी होते, आणि मुलांच्या सुरक्षिततेचं धोरण पक्कं असल्याशिवाय दार उघडत नाही. पुढे मानांकन हवं असेल तर सुमारे वर्षभर स्वमूल्यमापन चालतं. शिक्षक, पालक, मुलं आणि कर्मचारी गट करून एकेका निकषावर बसतात. मग इतर शाळांतले शिक्षक-मुख्याध्यापक काही दिवस शाळेत येऊन राहतात. ते शाबासकी आणि शिफारशी दोन्ही लिहून देतात, आणि शिफारशींवर काय केलं हे शाळेला नंतर दाखवावं लागतं. आयबीचं मूल्यमापनही दर पाच वर्षांनी होतं. प्रमाणपत्र भिंतीवर टांगलं आणि विषय संपला, असं इथे होत नाही.

यातला माझ्या मते सगळ्यात मोठा निकष कोणता, ते सांगते. मुलांच्या जवळ कुणाला येऊ द्यायचं, हा.

२०१४ मध्ये साऱ्या आंतरराष्ट्रीय शाळा हादरल्या. एक शिक्षक सुमारे चार दशकं देशोदेशी अशा शाळांतून शिकवत होता. लोकप्रिय होता, मुलांच्या सहली काढायचा. तरुणपणी अमेरिकेत मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यात तो दोषी ठरला होता, आणि हे एकाही शाळेला कळलं नाही. एका पेन ड्राइव्हवरच्या छायाचित्रांमुळे तो उघडा पडला. प्रत्येक शाळेने आधीच्या शाळेचं शिफारसपत्र वाचलं आणि विश्वास ठेवला. त्याच वर्षी शाळांच्या संघटनांनी एकत्र येऊन बालसंरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय कृती गट नेमला, आणि निकषांची भाषा बदलली. आता शिफारसपत्र पुरत नाही. आधीच्या मुख्याध्यापकांशी थेट बोलायचं. उमेदवार जिथे जिथे राहिला त्या देशांतले पोलिस दाखले मागायचे. नोकरीच्या इतिहासात मधली दोन वर्षं कोरी असतील तर ती कुठे गेली, हे विचारायचं. हे सगळं फाइलमध्ये तारखेसह दिसलं पाहिजे.

आता माझ्या कारकिर्दीतली एक गोष्ट. मी ज्या शाळेची मुख्याध्यापिका होते, तिने असं सभासदत्व मागितलं होतं. अर्जात आम्ही लिहिलं, 'सर्व कर्मचाऱ्यांची पडताळणी पूर्ण.' माझी सही होती. पाहणीला आलेल्या पाहुण्यांनी फाइलींच्या कपाटापुढे उभं राहून सांगितलं, शिक्षकांच्या नकोत, बसमधल्या मावशींच्या आणि कॅन्टीनमधल्या कामगारांच्या दाखवा. त्या फाइली आमच्याकडे नव्हत्याच. ते लोक ठेकेदाराचे होते. आम्ही 'कर्मचारी' हा शब्द लिहिला तेव्हा ते आमच्या डोळ्यांपुढे आलेच नव्हते. सकाळी साडेसहाला सगळ्यात लहान मूल ज्या बाईच्या हातात आई देते, तिचं नाव सोडून आम्हाला काही माहीत नव्हतं. मी खोटं लिहायला बसले नव्हते, पण लिहिलेलं खोटं निघालं. सभासदत्व सहा महिने पुढे गेलं, आणि ते बरोबरच झालं.

त्याच भेटीत त्यांनी आणखी एक दाखवलं. समुपदेशनाच्या खोलीचं दार भक्कम लाकडाचं होतं. मुलाशी एकट्याने बोलायची खोली, आणि बाहेरून आत काहीच दिसत नाही. दाराला काच हवी, आवाज आत राहावा पण नजर आत जावी. सुतार बोलावला, दुसऱ्याच दिवशी काच बसली. इतकी वर्षं त्या दारावरून रोज जात होते आणि मला ते कधी सुचलं नव्हतं.

आपल्याकडे पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा आहे. गुन्ह्याची माहिती असून ती पोलिसांना न कळवणं हाही त्यात गुन्हाच आहे, संस्थेच्या प्रमुखालाही शिक्षा आहे. म्हणून कुणी म्हणालं की हे परदेशी निकष आपल्याला कशाला, तर मी सांगते, कायदा आपलाच आहे. निकष फक्त विचारतो की तो तुमच्या शाळेतल्या शिपायाला माहीत आहे का.

भाषेचंही तसंच. आयबीसारख्या चौकटीत शाळेला भाषाधोरण लिहावं लागतं, त्यात मुलाच्या घरच्या भाषेचा विचार लागतो. महाराष्ट्रात २०२० पासून सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणं कायद्याने सक्तीचं आहे. तरीही मधल्या सुट्टीत मराठी बोलल्याबद्दल मुलांना दंड झाल्याच्या तक्रारी माझ्याकडे आल्यात. घरी आजीशी वऱ्हाडीत बोलणाऱ्या मुलीला शाळेत तोंड बंद ठेवायला लावायचं आणि त्याला आंतरराष्ट्रीय म्हणायचं, याचा मला मनापासून राग येतो. जिनिव्हाच्या त्या शाळेत तर एका वर्गात कितीतरी भाषांची मुलं एकत्र बसत होती.

कारभाराबद्दल एवढंच, की विश्वस्त मंडळाचं काम कुठे संपतं आणि मुख्याध्यापकाचं कुठे सुरू होतं, हे लिहिलेलं असावं अशी अपेक्षा असते. संस्थाचालकांच्या घरातून फोन आला आणि शिक्षक नेमला गेला, हे ज्या शाळेत चालतं तिथे वरची सगळी पडताळणी कागदावरच राहते. इथे बसलेल्या बऱ्याच शिक्षकांना हे मी सांगायला नको.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: 'आम्ही पालकांनी नेमकं विचारायचं काय?' ताई, आधी संघटनेच्या सभासदांच्या यादीत शाळेचं नाव आहे का, ते स्वतः बघा. बहुतेक संघटना ती यादी खुली ठेवतात. शाळा उमेदवार आहे, सभासद आहे की मानांकित आहे, हे नीट वाचा, कारण 'उमेदवार' म्हणजे अजून तपासणी व्हायची आहे. शेवटची भेट कोणत्या वर्षी झाली आणि शिफारशी काय होत्या, ते मुख्याध्यापकांना विचारा. अहवाल दाखवायला ते बांधील नसतील, पण एक शिफारस आणि तिच्यावर काय केलं, एवढं सांगायला कुणाची हरकत नसावी.

आणि घरी गेल्यावर मुलाला विचारा, शाळेत कुणी त्रास दिला तर तू कुणाला सांगशील? मी ज्या शाळा पाहायला गेले, तिथे सहावीच्या वर्गात हाच प्रश्न विचारायचे. एका शाळेत मुलांनी भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखवलं. दुसऱ्या शाळेत पाच मुलांनी पाच वेगवेगळी नावं सांगितली, आणि त्यातलं एक बसमधल्या मावशींचं होतं.