खाडीचा बंधारा आणि त्यापुढची तिवरे

श्रोतेहो, नमस्कार.

कोकणात भरतीचे पाणी खाड्यांमधून मैलोन्‌मैल आत शिरते, आणि तरीही अलिबाग-पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या सखल खारट जमिनीत, भात पिकतो, तो मातीच्या बंधाऱ्यांच्या आधाराने. या बंधाऱ्यांविषयी आज बोलावयाचे आहे.

बंधाऱ्यात जागोजागी उघाडी, म्हणजे पाणी सोडण्याचे झडपेचे दार, असते. ओहोटी लागली की तिची झडप उघडून शेतातले पावसाचे पाणी खाडीत उतरते आणि भरतीच्या दाबाने ती आपोआप मिटते. घात होतो तो बहुधा बारीकशा जागी: खेकड्याच्या बिळातून पाणी पाझरू लागते, बीळ रुंदावत जाते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात नेमकी तिथेच खांड, म्हणजे भगदाड, पडते. पूर्वी गावकरी जोळ पद्धतीने, एकत्र श्रम करून, अशी भोके वेळीच चिखलाने बुजवीत. 1948 च्या खार जमीन कायद्यानंतर सरकारी देखरेख आली, निधी आला. परंतु बांधावरून नित्य फिरणारी गावची नजर हरपली, आणि हे नुकसान मला फार मोठे वाटते.

खांड तशीच राहिली, तर खाऱ्या पाण्याबरोबर तिवराचे, म्हणजे खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या झाडाचे, बी शेतात येते आणि काही वर्षांत भाताच्या जागी अशा झाडांचे कांदळवन उभे राहते. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये कांदळवनांच्या तोडीस मनाई केली, 2012 मध्ये वन विभागात त्यांच्यासाठी स्वतंत्र कक्ष स्थापन झाला. हे व्हायलाच हवे होते. मात्र ज्याचे शेत गेले, त्याला तिवर वैरी वाटतो, हेही समजून घेतले पाहिजे. वास्तविक बंधाऱ्याच्या खाडीकडील अंगाला असलेली तिवरेच लाटांचा जोर मोडतात, मुळांत गाळ धरतात आणि बंधाऱ्याचा पाया धुपू देत नाहीत. चिंबोऱ्या, कोळंबी, माशांची पिल्ले त्यांच्याच आश्रयाने वाढतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत तर महिला बचत गटाने होडीतून कांदळवन सफर सुरू करून या झाडांतून रोजगार उभा केला आहे.

ग्रामसभांना माझी विनंती आहे, की मे महिन्यात बंधाऱ्याची पायी पाहणी करावी, लहान बिळे गावाने बुजवावीत, नादुरुस्त उघाड्यांची यादी खारभूमी विभागाला लेखी द्यावी आणि डागडुजीच्या वेळी बाहेरच्या तिवरांना हात लावू नये. खासगी बंधारेही या पाहणीतून वगळू नयेत, कारण खांड कोणाच्याही बांधाला पडली, तरी पाणी शेजारच्या शेतात जातेच.