खालचं टोक, वरचं टोक
(नागपुरात संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, उत्तराची खात्री करायची म्हणजे आपण काय करतो? तेच गणित जास्त अंकांनी पुन्हा करतो आणि आकडे जुळले की निर्धास्त होतो. १९८८ मध्ये जर्मन गणितज्ञ झीगफ्रीड रुम्प यांनी एका ओळीत मावेल असं सूत्र मांडलं. त्यात ७७६१७ आणि ३३०९६ या दोन किमती घालायच्या. आयबीएमच्या सिस्टिम ३७० यंत्रावर सिंगल, डबल, एक्स्टेंडेड अशा चढत्या अंकांच्या तिन्ही प्रकारांनी उत्तर आलं साधारण १.१७२६. तिन्ही जुळले! खरं उत्तर आहे उणे ०.८२७४. अहो, चिन्हसुद्धा चुकलं.

तेव्हा एक आकडा मागण्याऐवजी दोन टोकं मागावीत, ज्यांच्यामध्ये खरं उत्तर नक्की असेल; टोकांमधल्या या पट्ट्याला म्हणायचं अंतराल. समजा, कळमन्याच्या बाजारात संत्र्याची गाडी काट्यावर चढली. काटा दहा-दहा किलोंच्या टप्प्याने वजन दाखवतो, म्हणून २४३० म्हणजे २४२५ ते २४३५ मधलं काहीही. भाव किलोला ३० ते ३२ रुपये. मग मालाची किंमत ७२,७५० ते ७७,९२० च्या बाहेर जाऊच शकत नाही. गणितज्ञ रॅमन मूर यांनी १९६२ च्या स्टॅनफर्डमधल्या प्रबंधात या अंतराल अंकगणिताची पद्धतशीर मांडणी केली. उणे संख्या आल्या तर टोकांचे चारही गुणाकार करून सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा घ्यायचा, बाकी विशेष काही नाही.

खरी अडचण पुढे आहे. टोकं काढणारं यंत्रसुद्धा राउंडिंग करतं, म्हणजे न मावणारे अंक सोडून मावेल अशा जवळच्या संख्येवर येतं. खालचं टोक चुकून वर सरकलं की खरी संख्या अंतरालाबाहेर पडते आणि सगळी हमी संपते. म्हणून खालचं टोक खालच्या दिशेनं, वरचं वरच्या दिशेनं राउंड करायचं. संगणकशास्त्रज्ञ विल्यम कहान यांचा मोठा वाटा असलेल्या १९८५ च्या आयईईई ७५४ या संगणकी अपूर्णांक-गणिताच्या प्रमाणकात या दोन्ही दिशा आहेत. चिपमध्ये सोय आहे. हात आखडता घेतलाय तो प्रोग्रामिंगच्या भाषांनी.

सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणकात दिशा बदलणारं फेसेटराउंड हे फंक्शन आलं. तुम्ही दिशा खाली केली, क्ष अधिक य काढलं; दिशा वर केली, पुन्हा क्ष अधिक य काढलं. कंपायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, बघतो: अरे, हीच बेरीज दोनदा! तो ती एकदाच करतो आणि उत्तर दोन्हीकडे चिकटवतो. अंतरालाचा झाला बिंदू, आणि प्रोग्राम तर एकही तक्रार न करता चाललाय. कंपायलरला राउंडिंगची दिशा दिसतच नाही, त्याच्या दृष्टीनं बेरीज म्हणजे फक्त दोन संख्यांवरची क्रिया. जीसीसी या कंपायलरमध्ये यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागतो, आणि तो देऊनही पूर्ण निश्चिंत होता येत नाही.

कोडमध्ये लिहिलेला ०.१ सुद्धा दगा देतो. डबलमध्ये तो खऱ्या ०.१ पेक्षा किंचित मोठा साठवला जातो. म्हणजे दोन्ही टोकांना ०.१ लिहिलेल्या अंतरालात खरा ०.१ नसतोच!

जावानं तर डबलसाठी जवळच्या संख्येकडे राउंड करणं हाच नियम ठेवलाय. पायथनच्या फ्लोट या अपूर्णांकांच्या प्रकारालाही दिशेची कळ नाही; दशमान हिशेब करणाऱ्या डेसिमल मॉड्यूलला मात्र आहे. माझा सल्ला असा, की अशा भाषांत साधी बेरीज-गुणाकार करा आणि प्रत्येक टोक एक पायरी बाहेर ढकला. पायथन ३.९ पासून त्यासाठी लगतची संख्या देणारं नेक्स्टआफ्टर हे फंक्शन आहे. अंतराल थोडं ढगळ होतं, पण हमी टिकते.

ढगळपणाचं दुसरं कारण जास्त त्रासाचं. क्ष ० ते १ मध्ये असेल तर क्ष उणे क्ष किती? अंतराल सांगतं, उणे १ ते १. दोन्ही क्ष एकच आहेत हे त्याला ठाऊक नसतं. सूत्र नव्यानं मांडावं लागतं, नाहीतर अंतरालाचे बारीक तुकडे पाडावे लागतात. एवढी उस्तवार करून गणितज्ञ वॉरविक टकर यांनी हवेच्या हालचालीच्या साध्या नमुन्यातून आलेल्या लोरेन्झ समीकरणांचा विचित्र आकर्षक, म्हणजे उत्तरं ज्या गुंतागुंतीच्या आकृतीकडे ओढली जातात ती आकृती, खरोखर अस्तित्वात आहे हे सिद्ध केलं, तेव्हा ती वाया जात नाही.

आणि तुलना? मे महिन्यात नागपूरचा पारा ४४.८ ते ४५.३ आहे असं कळलं, तर तो ४५ च्या वर आहे का? होही नाही, नाहीही नाही. कोडमधला साधा इफ (‘असेल तर’) मात्र गुपचूप एल्समध्ये (‘नसेल तर’) शिरतो. सी++ च्या बूस्ट इंटरव्हल लायब्ररीत टोकं अशी एकमेकांवर चढली तर तुलना मूळच्या सेटिंगमध्ये एक्सेप्शन फेकते, म्हणजे उत्तर न देता चूक जाहीर करते. जुना कोड अंतरालावर नेताना पहिल्यांदा असे सगळे इफ शोधून काढा, बेरीज-वजाबाकीकडे नंतर वळा.