वणव्यानंतरची माती

श्रोतेहो, नमस्कार.

मार्च लागला की नागपूरहून उमरेडकडे किंवा पेंचकडे जाताना जंगलात काळे पट्टे दिसू लागतात. साग निष्पर्ण झालेला असतो, मोह टपकत असतो. फुलं नीट दिसावीत म्हणून कुणी मोहाखालचा पाचोळा पेटवतं, आग पुढे सरकते आणि वणवा होतो. त्यावर एक बोलणं मी लहानपणापासून ऐकतो आहे : जळालेल्या रानात पावसाळ्यात गवत जोमात येतं, म्हणजे आग जमिनीला खतच देते. गवत जोमात येतं हे खरं. पण ते खत येतं कुठून?

मागच्या उन्हाळ्यात अशाच एका पट्ट्यात मी खुरपं घेऊन बसलो. नुसता पाचोळा जळाला होता तिथे वर काळी राख, पण बोटभर उकरलं तर माती जशीच्या तशी, गवताची मुळं जिवंत. माती उष्णता फार हळू खाली जाऊ देते. चार पावलांवर मात्र एक पडलेलं खोड बराच काळ धुमसलं होतं. तिथली राख पांढरी आणि खालची माती विटेसारखी लाल. त्या लाल डागाच्या कडेला ओंजळभर पाणी टाकलं, तर थेंब मोत्यांसारखे घरंगळले, मुरेचनात. पाल्यातल्या मेणाची वाफ होऊन ती खालच्या थंड थरात मातीच्या कणांवर बसते, त्याचा हा परिणाम. म्हणून ज्वाळा किती उंच गेल्या यापेक्षा आच एका जागी किती वेळ राहिली, ते बघावं लागतं.

आता अन्नद्रव्यांचं. साधारण २०० अंश सेल्सिअसपासून नत्र, म्हणजे नायट्रोजन, वायू होऊन उडू लागतो. ५०० च्या पुढे निम्म्याहून जास्त निघून जातो. स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) उडायला ७५० अंशांहून जास्त आच लागते, कॅल्शियमला तर त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणून ही द्रव्यं बरीचशी राखेत उरतात आणि मातीचा सामू वाढवतात, म्हणजे तिचा आंबटपणा कमी करतात. मागे राहिलेल्या नत्रातला काही भाग अमोनियमच्या रूपात मोकळा होतो. तो मुळांना लगेच घेता येतो, आणि ओल मिळाली की जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. गवताचा जोम त्यावरचा. घरातली मुदत ठेव मोडली की महिनाभर हातात पैसा खेळतो, तसंच हे. पाला कुजून वर्षानुवर्षं थोडं थोडं मिळायचं, ते एका दमात संपतं.

पुढे जूनचा पाऊस येतो. उघड्या उतारावर पहिली सर पडली की राख ओढ्याला लागते, नायट्रेट पाण्याबरोबर निघून जातं. पेंचच्या जंगलातले ओढे ज्या जलाशयात उतरतात, त्याचंच पाणी आपल्या नळाला येतं. आणि दरवर्षी तोच तुकडा जळत राहिला, तर सागाच्या मुळांना स्फुरद पुरवणारी बुरशीही सावरत नाही.

मोह वेचणाऱ्या आयाबायांना माझी हात जोडून विनंती आहे. झाडाखाली झाडू फिरवा, जुनं लुगडं किंवा जाळी अंथरा; फुलं मातीविना, स्वच्छ मिळतात. शेतकरी दादांनो, जंगलाला लागून असलेला धुरा, म्हणजे शेताचा बांध, पेटवू नका. आणि रानात धूर दिसला, तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक लगेच फिरवा. आग पाचोळ्यात असते तोवर झाडाच्या हिरव्या डहाळीनंही ती झोडपून विझवता येते. एकदा ती वाळक्या खोडात शिरली की दिवसच्या दिवस धुमसते.