लोला मोंटेझ: राजाच्या दालनातलं एक चित्र

जर्मनीतल्या म्युनिकच्या निम्फेनबुर्ग राजवाड्यातलं हे दालन. भिंतींवर ३६ सुंदर स्त्रिया. बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग यानं ही चित्रं हौसेनं रंगवून घेतली. त्यातली ही बघा. काळा मखमली पोशाख, डोक्यावरून काळी जाळी, केसांत लाल फुलं. स्पॅनिश वाटते ना? तसं वाटावं म्हणूनच तर सगळा खटाटोप.

ही लोला मोंटेझ. खरं नाव एलायझा गिल्बर्ट. जन्म १८२१ चा, आयर्लंडचा. दोन वर्षांची असताना फौजी बापाबरोबर हिंदुस्थानात आली. कलकत्त्याहून नावेनं, गंगेतून, पाटण्याजवळच्या दानापूर छावणीत. पोचले नाहीत तोच बाप पटकीनं गेला. आईनं दुसरं लग्न केलं आणि पुढे पोरीची रवानगी स्कॉटलंडला झाली.

सोळाव्या वर्षी ती एका लेफ्टनंटबरोबर पळून गेली. तो संसार मोडला. १८४३ मध्ये लंडनच्या रंगमंचावर उभी राहिली ती स्पॅनिश नर्तकी लोला मोंटेझ म्हणून. प्रेक्षकांतून ओळख पटली, बिंग फुटलं. नाव मात्र तिनं सोडलं नाही.

ऑक्टोबर १८४६. लोला म्युनिकला आली. राजा साठीचा, कानानं जड. ज्याच्या लग्नापासून ऑक्टोबरफेस्ट हा म्युनिकचा बिअरचा उत्सव सुरू झाला, तोच हा. म्हातारा पुरता विरघळला. तिच्यावर कविता केल्या, तिच्या पावलाची संगमरवरी प्रतिकृती करवून घेतली. आणि प्रेमपत्रं? स्पॅनिशमध्ये! दोघांचंही स्पॅनिश यथातथाच.

आपल्याकडे अशा बाईला अंगवस्त्र म्हणत. मनात आलं की घ्यायचं, नको झालं की उतरवायचं. ही त्यातली नव्हती. तिला सरदारकी हवी होती आणि त्यासाठी आधी बव्हेरियाचं नागरिकत्व. मंत्र्यांनी विरोध केला, तर राजानं मंत्रिमंडळच घरी पाठवलं. ऑगस्ट १८४७ मध्ये ती लान्ड्सफेल्डची काउंटेस झाली.

फेब्रुवारी १८४८ मध्ये विद्यार्थ्यांचे दंगे झाले, राजानं विद्यापीठाला टाळं ठोकलं आणि शहर भडकलं. लोला पळाली. २० मार्चला राजानं गादी सोडली. बाईनं राज्य बुडवलं, असं म्हणायला सोपं जातं. पण त्या वर्षी पॅरिस, व्हिएन्ना, बर्लिन, सगळीकडेच पेटलं होतं. तिथे कुठे लोला होती?

पुढे अमेरिका, मग ऑस्ट्रेलिया. तिथल्या बॅलरॅट गावात वाईट लिहिणाऱ्या संपादकावर तिनं चाबूक उगारला. त्यानंही उगारला म्हणा.

१७ जानेवारी १८६१ ला ती न्यूयॉर्कमध्ये वारली. चाळिशीला महिना कमी. ब्रुकलिनच्या ग्रीनवुड दफनभूमीतल्या तिच्या मूळ दगडावर ना लोला, ना काउंटेस. कोरलं होतं, मिसेस एलायझा गिल्बर्ट. गिल्बर्ट हे तिच्या कुठल्याच नवऱ्याचं आडनाव नव्हतं. ते दानापूरला गेलेल्या त्या बापाचं.