बॅग शेवटी घ्या, आधी गाडी मोजा

सगळ्यात आधी सांगतो, मी इथे मोटरसायकलवर लांबच्या प्रवासाचं सामान कसं बांधायचं ते सांगायला आलोय, कुठलीच बॅग विकायला आलेलो नाही. "सर, कुठली घेऊ" हे तुम्ही शेवटी विचारणारच आहात, माहितीय मला, पण त्याचं उत्तर ब्रँडच्या नावात नाही. बॅग ही शेवटी घ्यायची वस्तू आहे. आधी सामान ठरवा, मग गाडी मोजा, मग ते सामान गाडीवर नेमकं कुठे बसणार ते बघा आणि मग दुकानात जा. आपल्याकडे सगळं उलटं चालतं, ऑनलाइन सेल लागतो, पन्नास लिटरची बॅग निम्म्या किमतीत दिसते, ती घरी येते आणि मग रविवारी पार्किंगमध्ये दोघं-तिघं मिळून ती सीटला कशी बांधायची यावर डोकं लावत बसतात.

वजन कुठे ठेवायचं हे शिकायचं असेल तर लडाखचे व्हिडिओ राहू द्या, सकाळी लवकर उठून आपल्या नाशिकच्या दिंडोरी रोडला उभे राहा आणि दूधवाल्यांच्या गाड्या बघा. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना लोखंडी चौकट, त्यात कॅन, आणि कॅन सीटच्या वर नाही तर खाली, जवळजवळ ॲक्सलपर्यंत, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्यापर्यंत उतरलेले. दोन्हीकडे वजन सारखं. शहाणा दूधवाला एकाच बाजूचा कॅन पूर्ण रिकामा करत नाही, आलटून पालटून काढतो, कारण एका अंगाला झुकलेली गाडी खड्ड्यात कशी ओढते ते त्याला रोज हातात जाणवतं. खाली, आत आणि सारखं, बस, हे तीन शब्द त्याला कोणी शिकवलेले नाहीत.

आता आपण काय करतो? सगळ्यात जड वस्तू सगळ्यात मागे आणि सगळ्यात वर. टॉप बॉक्समध्ये, म्हणजे सीटच्या मागे वर बसवतात त्या डब्यात, टूलकिट, कुलूप, पाण्याच्या बाटल्या, चार्जर, सगळं. जरा हिशोब करू. समजा १५ किलो वजन मागच्या ॲक्सलच्या ४० सेंटीमीटर मागे ठेवलं आणि गाडीचा व्हीलबेस, म्हणजे दोन ॲक्सलमधलं अंतर, १३५ सेंटीमीटर आहे, तर तरफेच्या साध्या नियमाने पुढच्या चाकावरचं साडेचार किलोच्या आसपास वजन उचललं जातं. म्हणजे मागच्या चाकावर १५ नाही, साडेएकोणीस आले, आणि पुढचं चाक तेवढं हलकं झालं. शहरात कळत नाही. हायवेला ऐंशी-नव्वदला बाजूने कंटेनर गेला की हँडल हलायला लागतं आणि मग लोक म्हणतात टायर खराब आहे. टायर बरोबर आहे हो, तुमचं टूलकिट चुकीच्या जागी आहे. हे बॉक्स बनवणाऱ्यांनाही माहिती असतं. इटलीची गिव्ही कंपनी, जुझेप्पे विसेन्झी नावाच्या मोटरसायकल रेसरने १९७८ मध्ये काढलेली, त्यांच्या बऱ्याच टॉप बॉक्सना वजनाची मर्यादा १० किलो असते. बॉक्स केवढाही मोठा दिसू दे. मग त्यात काय ठेवायचं? जॅकेट, चादर, फरसाण. जड ते सगळं साइडच्या बॅगेत, तळाला आणि पुढच्या बाजूला.

वजनाचं अजून एक. गाडीच्या पुस्तकात पेलोड, म्हणजे माणसं आणि सामान मिळून गाडी किती वजन नेऊ शकते ते, दिलेलं असतं, ते पान सहसा कोणी उघडत नाही. समजा १६० किलो लिहिलंय. तुम्ही ७५, मागे वहिनी ६०, दोघांचे हेल्मेट, जॅकेट, बूट धरून १०. झाले १४५. उरले पंधरा, आणि ॲल्युमिनियमच्या बॉक्सची जोडी तिच्या फ्रेमसकट रिकामीच पंधराच्या पुढे जाऊ शकते. म्हणजे एक बनियन न भरता कोटा संपला. जोडीने जाणार असाल तर कापडी बॅगा घ्या म्हणतो मी, त्याचं पहिलं कारण हे.

नियम पण थोडक्यात सांगतो कारण मागे बसलेल्या दादांनी सुरुवातीलाच त्याबद्दल विचारायला हात वर केला होता. २०२० मध्ये केंद्राने टू-व्हीलरवरच्या हलक्या कंटेनरसाठी मापं दिली, लांबी ५५०, रुंदी ५१०, उंची ५०० मिलिमीटर, याच्या आत. आणि तो पिलियनच्या, म्हणजे मागे बसणाऱ्याच्या, जागेवर बसवला तर गाडीवर फक्त चालवणारा, मागे कोणी नाही. नंबर प्लेट, इंडिकेटर, ब्रेक लाइट झाकायचे नाहीत हे तर वेगळं सांगायला नको, तरी रात्री घाटात अशा गाड्या दिसतातच ज्यांचा इंडिकेटर बॅगेच्या आत लागतो.

बरं, आता फिटिंग. ही बॅग बघा, माझ्या मित्राची आहे, त्याच्या परवानगीने आणलीय. बाहेरून नवी वाटते. आता उलटी करतो. आतल्या बाजूचा हा खालचा कोपरा, इथे हात फिरवून बघा, पुढे पाठवा. कापड काचेसारखं गुळगुळीत झालंय, शिवण उडालीय आणि आतला फोम काळा पडलाय. हे टायरने केलंय. गाडी स्टँडवर असताना बॅग आणि चाक यात दोन बोटांचं अंतर होतं, पण दोघं बसले, शॉकअप दबले, स्पीड ब्रेकरवर अजून दबले, आणि हवेच्या दाबाने बॅगेचा खालचा भाग आत गेला. आणि ही उजवीकडची बॅग आहे. डावी ठणठणीत. का? कारण डावीकडे साडी गार्ड असतं. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून कायद्याने ते द्यावंच लागतं, आणि तेच बॅगेला बाहेर धरून ठेवतं. लोक गाडी स्पोर्टी दिसावी म्हणून पहिलं तेच काढतात! उजवीकडे बहुतेक गाड्यांना नुसता सायलेन्सर असतो, बॅगेला धरायला काहीच नाही.

म्हणून स्टे लागतोच. पाइपची साधी चौकट, बॅग चाकापासून लांब ठेवणारी. तुमच्या मॉडेलचा रेडी मिळाला तर तोच घ्या, नाही मिळाला तर अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत एवढे फॅब्रिकेशनवाले आहेत, करून मिळतो. फक्त काही गोष्टी अडून करून घ्या. पाइप वाकवलेला पाहिजे, कोपऱ्यात कापून जोडलेला नको, तिथेच आधी तडा जातो. चेसिसला वेल्डिंग अजिबात मारू द्यायचं नाही, गाडीला आधीपासून जे बोल्ट आहेत, ग्रॅब रेलचे, म्हणजे मागच्याने धरायच्या दांडीचे वगैरे, त्यावरच पकडायचं. नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेले, सहज सैल न होणारे नट लावा, आणि पन्नासेक किलोमीटर झाले की पाना घेऊन एकदा सगळे बोल्ट परत आवळा, नवीन फिटिंग पहिल्यांदा बसताना थोडं सैल होतंच. आणि फॅब्रिकेटरकडे जाताना बॅग सोबत न्या हो, नुसता फोटो दाखवून स्टे करून घेणारे लोक मी बघितलेत.

सायलेन्सर आणि बॅग यात निदान चार बोटं अंतर ठेवा, आणि हे अंतर दोन माणसं बसवून मोजा. चालत्या गाडीला हवा लागत असते, पण द्वारका चौकात जाममध्ये पाच मिनिटं उभे राहिलात की ती गरम हवा सरळ वर बॅगेत जाते. नायलॉन वितळायला जाळ लागत नाही.

पट्ट्यांबद्दल जरा कडक बोलतो. ती हुकवाली बंजी, म्हणजे ताणून लावायची रबरी दोरी, ती घरी ठेवा. ताणलेला हुक सुटला तर सरळ डोळ्यात येतो, आणि रबर असल्यामुळे प्रत्येक खड्ड्यात ती ताणते आणि सामान नाचतं. कॅम बकलचे, म्हणजे दाबून पट्टा पकडणाऱ्या बकलचे, न ताणणारे पट्टे घ्या. पट्टा लावताना त्याला मध्ये एक पीळ द्या, सपाट पट्टा वाऱ्यात फडफडतो आणि आवाज करतो, पीळ दिला की गप्प बसतो. आणि उरलेलं टोक, हे असं लोंबणारं, हे गुंडाळून त्याच पट्ट्यात खोचा किंवा वेलक्रोने बांधा. चेनमध्ये गेलं तर पट्टा तुटेपर्यंत चेन थांबत नाही, कधी कधी चाकच जाम होतं, मग पुढचं मी सांगत नाही.

पावसाचं नाशिककरांना वेगळं काय सांगणार. आपल्याकडे शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि ४५ किलोमीटरवर इगतपुरीला तो तीन हजारांच्या घरात. म्हणजे पाथर्डी फाट्याला कोरडे निघालात तरी घोटीच्या पुढे बॅगेची परीक्षा आहेच. बॅगेबरोबर येणारं रेन कव्हर वरून येणाऱ्या पावसासाठी असतं, पण गाडीवर निम्मं पाणी खालून येतं, चाकाने उडवलेलं, चिखलासकट. कव्हर मागून उघडं असतं, पाणी आत शिरतं आणि तिथेच साठतं. शिवाय जोरात गेलात की ते फुगतं आणि कुठेतरी उडून जातं, कसारा घाटात झुडपांवर अडकलेली कव्हरं दिसतात. त्यापेक्षा आतली बॅग वॉटरप्रूफ पाहिजे. तोंड गुंडाळून बंद करायची रोल-टॉप असेल तर निदान तीन घड्या, आणि ठासून भरलेल्या बॅगेला तीन घड्या पडतच नाहीत, त्यामुळे थोडी मोठी घ्या. बजेट नसेल तर कपडे जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून मग बॅगेत, दिसायला गावठी पण शंभर टक्के चालतं.

टँक बॅगेवर फार बोलत नाही, मला ती आवडत नाही, पेट्रोल भरताना दरवेळी काढा. घ्यायचीच तर दोन गोष्टी बघा, टाकीवर चुंबक चिकटतं का, कारण बऱ्याच गाड्यांना वरून प्लास्टिक असतं, आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवल्यावर बॅग हॉर्नचं बटण दाबते का.

कडक बॉक्स की कापडी, हा वाद कायमचा आहे. रोज नवीन हॉटेल, गाडी रस्त्यावर लावायची, तर कुलूप लागणारा बॉक्स चांगला. पण तुम्ही हरिहर किल्ल्याच्या पायथ्याला किंवा भंडारदऱ्याच्या आतल्या रस्त्यांना जाणार असाल तर मी कापडीच म्हणेन, कारण चिखलात गाडी आडवी होणारच, आणि तेव्हा पाय बॉक्सखाली अडकला तर तो बॉक्स दबत नाही, पाय दबतो. शिवाय बॉक्स लावले की तुमची गाडी हँडलएवढी रुंद राहत नाही, त्याहून रुंद होते, आणि हे डोक्यात बसेपर्यंत दोन-चार रिक्षांना घासून होतं. समृद्धी महामार्गावर टू-व्हीलरला बंदीच आहे, म्हणजे जुन्या रस्त्याने गावागावातून, ट्रॅक्टर आणि म्हशींच्या मधूनच जायचंय.

भरून झालं की शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा कडकपणा, एक-दोन घर वाढवा, टूलकिटमध्ये त्याचा हुकसारखा पाना बहुतेक असतो. हवा पिलियनसहच्या आकड्याइतकी भरा, तो आकडा चेन कव्हरच्या किंवा स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या, स्टिकरवर सापडतो. आणि रात्री भिंतीवर हेडलाइट पाडून बघा. मागे वजन आलं की लाइट वर जातो, समोरचा शिव्या देतो आणि आपल्याला वाटतं तोच हाय बीमवर आहे.

ताईंनी विचारलं की पट्टे किती वेळा बघायचे. निघाल्यावर पहिल्या तीस-चाळीस किलोमीटरमध्ये एकदा नक्की, कारण आतले कपडे दबतात आणि सकाळी कडक असलेला पट्टा सैल होतो. मुंबईकडे निघालात तर घोटी, पुण्याकडे सिन्नर, सापुताऱ्याकडे दिंडोरीच्या पुढे कुठेही. बॅग हाताने धरून जोरात हलवा, गाडी हलली पाहिजे आणि बॅग गाडीबरोबर, वेगळी नाही. हे चहा सांगायच्या आधी करा, नंतर कोणी उठत नाही.