ठाणे खाडीचा गाळ आणि मासळीचे आरोग्य

नमस्कार, श्रोतेहो. ठाणे खाडीला ओहोटी लागली, की उघड्या पडलेल्या चिखलावर निवट्या सरपटू लागतात, आणि भरतीचे पाणी चढले की बोय त्याच चिखलाचा वरचा थर तोंडात घेऊन त्यातले शेवाळ गाळून खाते. त्या चिखलात काय साठले आहे, यावर या माशांचे जगणे अवलंबून आहे.

१९६० च्या दशकापासून ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने वाढत गेले आणि त्यांचे सांडपाणी शहरी सांडपाण्यासह खाडीत येत राहिले. त्यातील शिसे, कॅडमियम, पारा यांसारखे जड धातू कुजून नाहीसे होत नाहीत; ते गाळाच्या बारीक कणांना चिकटून तळाशी बसतात. खाडीचे वरचे टोक अरुंद असल्यामुळे तेथील गाळ भरती-ओहोटीनेही पुरता धुऊन निघत नाही.

माशाला पहिला फटका बसतो तो कल्ल्यांना. तेथे रक्त आणि पाणी यांच्यामध्ये अवघ्या काही मायक्रोमीटर जाडीचा पडदा असतो. कॅडमियम कॅल्शियमच्याच वाटेने आत शिरते आणि माशाच्या रक्तातील कॅल्शियम घटवते. कल्ल्यांचे पदर सुजले, त्यांवर चिकट स्राव साचला, की श्वासही अपुरा पडतो. तांबे शरीराला थोडे हवेच असते, परंतु त्याचे प्रमाण वाढले की माशाची गंध ओळखण्याची शक्ती मंदावते आणि भक्षकाची चाहूल त्याला वेळेत लागत नाही. यकृतातील मेटॅलोथायोनिन हे प्रथिन धातूंना बांधून ठेवते खरे, पण त्यालाही मर्यादा आहे. पाऱ्याची गोष्ट आणखी गंभीर आहे. प्राणवायू नसलेल्या गाळात जिवाणू त्याचे मिथाइल पारा या अधिक विषारी रूपात रूपांतर करतात आणि लहान माशांकडून जिताड्यासारख्या शिकारी माशाकडे जाताना त्याचे प्रमाण वाढत जाते.

मासळी खाण्याजोगी आहे का, एवढेच आपण बहुधा विचारतो. माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे, कारण न मरता खुरटलेला, नीट अंडी न देणारा मासाही कोळी बांधवांचे जाळे रिकामे करतो.

ही खाडी २०२२ मध्ये रामसर पाणथळ, म्हणजे रामसर या आंतरराष्ट्रीय कराराखालील महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून घोषित झाली. तिथला गाळ उपसला जातो, तेव्हा तळाशी बांधले गेलेले धातू प्राणवायूच्या संपर्काने पुन्हा पाण्यात सुटू शकतात. म्हणून अशा प्रत्येक कामाआधी आणि नंतर, पाण्याच्या नमुन्यांबरोबर गाळाची आणि बोय व निवटीच्या कल्ल्यांची व यकृताची तपासणी झाली पाहिजे, आणि तिचे निष्कर्ष खाडीकाठच्या कोळीवाड्यांना मराठीत कळले पाहिजेत.